पाणंदीचा नकाशा

२०१६ च्या मे महिन्यात एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात बसून मी वहीत चार मागण्या उतरवून घेतल्या. चिटबॉयनं बांधावर उभं राहून उसाच्या प्लॉटची मोजणी फोनवर करावी. शेतात रेंज नसली तरी नकाशा दिसावा. हंगामात ऊस वाहणारी वाहनं कुठं आहेत ते केन यार्डातल्या पडद्यावर कळावं. आणि हे सगळं कारखान्याच्या माणसांपुरतंच असावं, बाहेर कुणाला दिसू नये. शेतकी अधिकारी म्हणाले, ‘‘नकाशा तर फोनमध्ये असतोच की मॅडम. तुम्ही फक्त त्याच्यावर आमची माहिती टाका.’’ मलाही तसंच वाटत होतं. सांगलीला परत येऊन माझ्या सहकाऱ्याला मी तेच सांगितलं आणि दोन महिन्यांत गूगल मॅप्सवर चालणारा पहिला नमुना आम्ही उभा केला.

त्या चार मागण्यांपैकी एकही नकाशाच्या वापराच्या अटींत बसत नव्हती. हे कळलं ते कारखान्याच्या खरेदी समितीमुळं. बिलासोबत ‘वापरलेल्या सर्व सॉफ्टवेअरचे परवाने जोडावेत’ असं एक वाक्य त्यांच्या पत्रात होतं. परवाना जोडायचा तर तो वाचावा लागतो. दहा वर्षं प्रोग्रॅमिंग करूनही वापराच्या अटी मी तोवर कधी वाचल्या नव्हत्या. ‘मान्य’ वर बोट ठेवून पुढं जायची सवय होती. एका रविवारी सकाळी छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन बसले. दुपारी उठले तेव्हा दोन महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागणार हे कळून चुकलं होतं.

ऊसनोंद ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लागण झाली की शेतकरी गट ऑफिसात नोंद करतो. चिटबॉय प्लॉटवर जातो, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहून घेतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचा क्रम लावून हंगामात तोडणीचा प्रोग्रॅम ठरतो. कुणाचा ऊस कधी तुटणार हे या नोंदीवर अवलंबून असतं. म्हणजे एका घराचं वर्षाचं गणित त्या एका कागदावर उभं असतं. आता क्षेत्र तोंडी सांगितलेलं असतं. नोंद एक एकराची आणि फडात ऊस बत्तीस गुंठ्यांचा, असं झालं की टनेजचा अंदाज चुकतो, वाहनं चुकीच्या जागी जातात आणि ज्याचा ऊस खरोखर पिकलाय तो थांबून राहतो. शिवाय तुटलेला ऊस लवकर गाळला नाही तर वजन आणि साखर दोन्ही घटतात. वाहन कुठं अडकलंय हे कळण्याला म्हणूनच एवढी किंमत. नकाशा ही या कामातली सजावट नव्हती.

आता अटींकडं येते. त्या वेळच्या गूगल मॅप्सच्या फुकट वापराची पहिली मोठी अट अशी होती की ज्या ॲपमध्ये हा नकाशा दिसेल ते ॲपही लोकांना फुकट आणि खुलं असलं पाहिजे. पासवर्डच्या आड, एखाद्या संस्थेच्या नोकरवर्गापुरतं ॲप करायचं असेल तर वेगळा करार करायचा. आमचं ॲप तर केवळ नोकरवर्गापुरतंच होतं. दुसरी अट वाहनांची. धंद्यातल्या वाहनांचा ताफा सांभाळणं, माल कुठं आहे यावर नजर ठेवणं अशा कामांना फुकट परवान्यात मनाई होती. त्यातच एक अपवाद लिहिलेला होता आणि तो मला फार विचार करण्यासारखा वाटला. वाहनांचा माग दाखवणारं ॲप जनतेसाठी खुलं आणि मोफत असेल, म्हणजे समजा बस आत्ता कुठं आहे हे प्रवाशांना दाखवणारं असेल, तर चालेल. म्हणजे एसटी दाखवता येईल आणि उसाचा ट्रॅक्टर दाखवता येणार नाही. कायद्याच्या भाषेत यात काही विसंगती नाही. लोकांना फुकट मिळणाऱ्या सेवेला फुकट नकाशा, धंद्याला विकत, असा तो सरळ व्यवहार आहे. फक्त तो आधी माहीत असायला हवा होता.

या दोन अटी पैशानं सुटणाऱ्या होत्या. कारखान्यानं वार्षिक करार केला असता तर मार्ग निघाला असता. उरलेल्या दोन मात्र कितीही पैसे मोजले तरी तशाच राहणार होत्या, आणि आमचं खरं काम नेमकं तिथंच होतं.

तिसरी अट नकाशा साठवण्याची. नकाशातला मजकूर आधीच उतरवून ठेवायचा नाही, साठवायचा नाही. नेटवर्कच्या संथपणावर उपाय म्हणून थोडाफार तात्पुरता ठेवलात तर तोही तीस दिवसांहून अधिक नाही. आमच्या चिटबॉयच्या हद्दीत अशी गावं होती जिथं नदीकाठच्या मळीत उतरलं की फोनचा सगळा जीव जातो. उंच उसात शिरलं की उरलीसुरली रेंजही जाते. नमुन्याची चाचणी घेतली तेव्हा तिथं पडद्यावर नुसते करडे चौकोन दिसले होते आणि त्यावर निळा ठिपका. सोबतचे तात्या, पंचवीस वर्षं चिटबॉयचं काम केलेले, ते पाहून म्हणाले, ‘‘मी हितंच हाय हे मला ठावंय की ताई. बाकीचं कुठं हाय ते दाखवा.’’ सकाळी ऑफिसात वायफायवर नकाशा भरून घ्यायचा आणि शेतात वापरायचा, एवढाच त्यावरचा उपाय मला दिसत होता आणि नेमकी त्यालाच मनाई होती.

चौथी अट सगळ्यात कमी लोक वाचतात असा माझा अनुभव आहे. उपग्रहाच्या चित्रावरून रेघा गिरवून स्वतःची नवीन माहिती तयार करायची नाही. रस्ते, इमारतींच्या कडा, विजेच्या तारा, काहीही नाही. माझ्या सहकाऱ्यानं एक सोपी युक्ती काढली होती. बांधावर चालायलाच नको, चिटबॉयनं ऑफिसात बसून उपग्रहचित्रावर बोटानं प्लॉटच्या कडेकडेनं रेघ ओढावी आणि क्षेत्र निघावं. बांध चित्रात स्वच्छ दिसत होते. दोन दिवसांत एका गावाचे प्लॉट झाले असते. पण ती रेघ त्या चित्रातून जन्मलेली, म्हणून ती आपली म्हणून साठवून ठेवता येणार नाही. मला ही अट तेव्हा जुलमी वाटली. बांध आमच्या शेतकऱ्याचा, ऊस त्याचा, आणि रेघ दुसऱ्याची कशी?

थोडं शोधल्यावर उत्तर मिळालं आणि राग ओसरला. नकाशा देणारी कंपनी स्वतःही बरंच काही भाड्यानं आणलेलं दाखवत असते. उपग्रहचित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत दुसऱ्याच कंपन्यांची नावं असतात. ती चित्रं त्यांची. जो हक्क आपल्याकडंच नाही तो ती कंपनी मला कुठून देणार? आपल्याकडंही नकाशा ही कायद्यानं राखलेली वस्तू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘कलाकृती’ च्या व्याख्येत चित्र, शिल्प यांच्याबरोबर नकाशाही धरलेला आहे. नकाशा काढणाऱ्याचे श्रम त्यात असतात हे सर्व्हेचं काम एकदा जवळून पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

मी शेतकी अधिकाऱ्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘कोण बघायला येणार आहे मॅडम?’’ हा प्रश्न त्यानंतरच्या वर्षांत मला अनेक ठिकाणी ऐकायला मिळाला, आणि विचारणारी माणसं वाईट नव्हती. मी म्हणाले, ‘‘कुणी येणार नाही कदाचित. पण हंगामाच्या मध्यावर चावी बंद झाली तर वाहनं थांबतील, आणि त्या दिवशी मी काय सांगू?’’ चावी म्हणजे प्रत्येक ॲपला नकाशाच्या कंपनीकडून मिळणारा ओळखक्रमांक. तो बंद झाला की नकाशाच दिसत नाही. कारखान्याच्या माणसाला यंत्र हंगामात बंद पडणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी एक महिना वाढवून दिला.

मग आम्ही ओपनस्ट्रीटमॅपकडं वळलो. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्टनं सुरू केलेला हा नकाशा, जगभरातल्या लोकांनी आपापल्या गावचे रस्ते, नद्या, देवळं भरून वाढवलेला. माहिती सगळ्यांना खुली. मी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच दुसरी चूक केली. माहिती खुली आहे म्हणजे त्यांचा सर्व्हरही खुला आहे असं मी धरून चालले.

ही चूक पूर्ण माझी होती आणि अनेक नवे प्रोग्रॅमर आजही ती करतात, म्हणून जरा खोलात सांगते. फोनवरचा नकाशा छोट्या चौकोनी चित्रांचा, म्हणजे टाइलांचा बनलेला असतो. एक पायरी जवळ गेलं की टाइलांची संख्या चौपट होते. कारखान्याचं कार्यक्षेत्र साधारण चाळीस किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. सतराव्या पायरीवर त्याच्या सुमारे १९ हजार टाइल होतात, अठराव्यावर ७५ हजार. खालच्या सगळ्या पायऱ्या धरून एका फोनला जवळजवळ एक लाख. आमच्याकडं चाळीस फोन होते. एका सकाळी गट ऑफिसांतून चाळीस चिटबॉयनी ‘नकाशा भरा’ चं बटण दाबलं आणि आम्ही स्वयंसेवकांच्या देणगीवर चालणाऱ्या सर्व्हरकडं चाळीस लाख टाइल मागितल्या. त्या सर्व्हरच्या धोरणात स्पष्ट लिहिलेलं आहे की घाऊक उतरवणी करू नका, आणि ॲपनं मागणी करताना स्वतःची ओळख द्या. आम्ही ओळखही दिलेली नव्हती. दुपारपर्यंत नकाशाच्या जागी ‘प्रवेश बंद’ अशा अर्थाच्या टाइल येऊ लागल्या. अगदी योग्य झालं. धर्मशाळेच्या विहिरीवर आम्ही पंप बसवला होता.

त्यानंतर मात्र नीट शिकले. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, मूळ माहिती: रस्त्यांचे बिंदू, रेषा, नावं. ही कुणीही उतरवून घ्यावी. प्रदेशवार फाइली तयार मिळतात. दुसरी, त्या माहितीतून रंगवलेली चित्रं देणारा त्यांचा सर्व्हर. तो नकाशा संपादन करणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे, आमच्या कारखान्यासाठी नाही. आम्ही मूळ माहिती घेतली, कार्यक्षेत्रापुरती कापली आणि मॅप्सफोर्ज या खुल्या लायब्ररीला लागते तशी एकच फाइल बनवली. लाखभर टाइलांच्या जागी काही एमबीची फाइल. चित्र फोन स्वतः रंगवतो. रेंज असो नसो, कुणाच्या सर्व्हरला हात लागत नाही. २०१७ चा हंगाम आम्ही त्यावर काढला.

कार्यक्षेत्रापुरता नकाशा कापण्यात आणखी एक फायदा होता. देशाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळत नसेल तर तो नकाशा प्रसिद्ध करणं हा आपल्याकडं गुन्हा आहे. १९६१ च्या फौजदारी दुरुस्ती कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जागतिक नकाशांत काश्मीरची रेषा वेगळी असते. तालुक्याबाहेर न जाणाऱ्या नकाशाला ही अडचणच येत नाही. संपूर्ण भारत दाखवणारं ॲप करणाऱ्यानं हे कलम आधी वाचावं.

मोजणीचा प्रश्न राहिला होता. ओपनस्ट्रीटमॅपसाठी उपग्रहचित्रांवरून रेघा गिरवायला परवानगी आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१० मध्ये बिंगची चित्रं त्यासाठी खुली केली. पण ती परवानगी त्या खुल्या नकाशात भर घालण्यापुरती. कारखान्याच्या खासगी नोंदीसाठी ती लागू नाही. म्हणजे प्लॉटच्या कडा गिरवायच्या नाहीतच. चालायचं.

आणि चालण्याला कुणाचा परवाना लागत नाही. जीपीएसचे उपग्रह कुणाला अटी घालत नाहीत. मे २००० पर्यंत अमेरिकेनं नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक घातलेली होती, ती त्या महिन्यात काढून टाकली आणि म्हणूनच आज खिशातला साधा फोनही मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटरच्या आत जागा सांगतो. अर्थात दहा गुंठ्यांच्या तुकड्याला चार-पाच मीटर कमी नाहीत. दहा गुंठे म्हणजे साधारण बत्तीस मीटर लांब आणि बत्तीस मीटर रुंद. एक कड तीन मीटर सरकली तर जवळजवळ गुंठ्याचा फरक. म्हणून आम्ही नियम केला: प्रत्येक कोपऱ्यावर अर्धा मिनिट उभं राहायचं, तेवढ्या वेळातल्या नोंदींची सरासरी घ्यायची, आणि वीस गुंठ्यांच्या आतल्या प्लॉटला टेप लावायची. मोजणी शक्यतो ऊस लहान असताना करायची. तात्यांनी याच्यात एक भर घातली जी मला सुचली नसती: शेतकऱ्याला सोबत घेऊनच बांध फिरायचा. फिरता फिरता त्याला क्षेत्र पडद्यावर उमटताना दिसतं, मग त्यावर वाद होत नाही. गिरवलेल्या रेघेवर तो झाला असता.

याच फिरण्यातून पाणंदींचा, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटांचा, प्रश्न पुढं आला.

ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या भागातले राज्यमार्ग होते, मोठी गावं होती, नदी होती. पाणंदी नव्हत्याच. तात्यांनी फोन पालथा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘ह्यात डांबरी तेवढा रस्ता. ऊस काय डांबरीवर पिकतोय व्हय?’’ बरोबर होतं. ट्रॅक्टरला ट्रॉल्या जोडून जायचं ते पाणंदीनं. विकतच्या नकाशांतही त्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगायला हवं. शहरात गल्ली न् गल्ली दाखवणारे नकाशे आमच्या शिवारात येऊन हिरवे-कोरे होत. महसूल खात्याच्या गाव नकाशात मात्र त्या पूर्वीपासून आहेत. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं, पायमार्ग एका तुटक रेषेनं. गाडीमार्गाची रुंदी १६.५ ते २१ फूट, पायमार्गाची ८.२५ फूट. कागदावरच्या अशा कित्येक पाणंदी आज उसात गडप झालेल्या आहेत आणि ज्या चालू आहेत त्यांतल्या काही कागदावर नाहीत. प्रत्यक्षात वाहन कुठून जातं हे फक्त चालणाऱ्याला ठाऊक.

आम्ही ठरवलं की चिटबॉय रोज जिथून जातात तो माग फोननं नोंदवायचा आणि ज्या पाणंदी नकाशात नाहीत त्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरायच्या. कार्यकारी संचालकांसमोर हा विषय गेला तेव्हा एक रास्त शंका निघाली: आपल्या माणसांनी, आपल्या पगारात गोळा केलेली माहिती शेजारच्या कारखान्याला फुकट का द्यायची? परवाना काय म्हणतो ते मी समजावून सांगितलं. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती २०१२ पासून ओपन डेटाबेस लायसन्सखाली आहे. ती वापरताना श्रेय द्यायचं, आणि तिच्यात सुधारणा करून ती लोकांसमोर मांडलीत तर सुधारणाही त्याच अटीवर खुली करायची. पण शेतकऱ्यांचे प्लॉट, नोंदी, टनेज हा वेगळा थर आहे. तो नकाशाच्या माहितीत मिसळत नाही, तिच्यावर फक्त ठेवलेला असतो. तो खासगी राहतो आणि राहिलाच पाहिजे. कुणाच्या शेतात किती ऊस उभा आहे हे गावभर करण्याचा अधिकार ना कारखान्याला आहे ना मला. पाणंद मात्र सार्वजनिकच असते. तिच्यावरून शेजारच्या कारखान्याची ट्रॉली आजही जाते. संचालक थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘ॲम्ब्युलन्सही जाईल मग.’’ मंजुरी मिळाली.

त्या उन्हाळ्यात एक तरुण चिटबॉय जोमानं कामाला लागला. एका रात्रीत त्यानं चौदा वाड्यावस्त्यांची नावं भरली. मी खूश झाले, पण दुसऱ्या दिवशी तात्यांनी दाखवलं की एक मळा ओढ्याच्या भलत्याच बाजूला आहे. विचारल्यावर कळलं, पोरानं दुसऱ्या एका कंपनीचा नकाशा समोर ठेवून नावं उतरवली होती. त्या नकाशातली चूकही तशीच उतरली. मी चौदाच्या चौदा नावं काढून टाकली. त्याला वाईट वाटलं. ‘‘आपल्याच गावांची नावं हाईत की मॅडम, त्यांची कशी?’’ त्याचा प्रश्न खरा होता. नाव कुणाच्या मालकीचं नाही, पण दुसऱ्यानं गोळा केलेली यादी उचलणं म्हणजे त्याच्या मेहनतीवर हात टाकणं आहे, आणि खुल्या नकाशात असं काही शिरलं तर सगळ्या नकाशाच्या खुलेपणाला धक्का लागतो. २०१२ मध्ये परवाना बदलला तेव्हा ज्यांनी नव्या परवान्याला होकार दिला नाही त्यांनी भरलेली माहिती ओपनस्ट्रीटमॅपनं नकाशातून काढून टाकली होती. काही भागांत रस्ते नाहीसे झाले, तरी काढली. त्या पोरानं मग आठवडाभर मोटरसायकलवर हिंडून, पारावर बसलेल्यांना विचारून नावं पुन्हा भरली. या वेळी सतरा झाली.

माझ्या मनात तेव्हा आणखी एक गोष्ट होती जी मी त्याला सांगितली नाही. कॉलेजात असताना मी एका मोठ्या कंपनीच्या लोकसहभागाच्या उपक्रमात माझ्या आजोळची शाळा, विहिरी, देवळं, ओढे असं सगळं नकाशात भरलं होतं. सुट्टीतले पंधरा दिवस गेले होते त्यात. पुढं तो उपक्रम बंद झाला. आता माझ्या ॲपसाठी मला तीच माहिती हवी होती आणि ती त्या नकाशातून मला उचलता येत नव्हती. भरताना मी कोणत्या अटी मान्य केल्या होत्या हे वाचलंच नव्हतं. आजोळला पुन्हा जाऊन मी ते सगळं दुसऱ्यांदा भरलं, या वेळी अशा ठिकाणी जिथून मला आणि कुणालाही ते परत घेता येईल. आजी तोवर गेली होती. तिनं सांगितलेली दोन विहिरींची नावं कुणालाच आठवत नव्हती. ती राहूनच गेली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णेला महापूर आला. पाणी उतरल्यावर शिवारात गेलो तर कुठं साकव वाहून गेलेला, कुठं पाणंदीचा काठ ढासळलेला. हंगाम तोंडावर होता. गट ऑफिसांतून संध्याकाळी फोन यायचे: अमुक ओढ्यावरून ट्रॉली जाणार नाही. रात्री आम्ही नकाशात ती पाणंद तोडायचो, फाइल पुन्हा बनवायचो, सकाळी वायफायवर चाळीस फोनांत ती पोचायची आणि मार्ग दुसरीकडून निघायचा. भाड्याच्या नकाशात हे शक्य नव्हतं. तिथं चूक कळवता येते, दुरुस्तीची वाट पाहता येते. स्वतःच्या हातानं, त्याच रात्री, ती बदलता येत नाही. खुल्या परवान्याचं मोल मला त्या दोन महिन्यांत जेवढं कळलं तेवढं कुठल्याच वाचनातून कळलं नव्हतं.

मधल्या काळात बाजारही बदलला. जुलै २०१८ मध्ये गूगलनं नवी रचना आणली. संस्थेच्या आतल्या वापराला वेगळा करार हा प्रकार मागं पडला आणि वापराल तसे पैसे भरा असा हिशेब आला. तेव्हा महिन्याला २०० डॉलरपर्यंतचा वापर मोफत होता, मार्ग काढून देण्याच्या सेवेला सुरुवातीचा दर हजार विनंत्यांना ५ डॉलर. मी सहज मांडून पाहिलं होतं: अडीचशे वाहनं, दर दहा मिनिटांनी एकदा मार्ग विचारायचा, दिवसाचे वीस तास. तीस हजार विनंत्या, म्हणजे दिवसाला १५० डॉलर. ती सूट दीड दिवसही पुरली नसती. पुढं फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं भारतीय कंपन्यांना नकाशे आणि मोजणीच्या माहितीसाठी आधी परवानगी घेण्याची गरज काढून टाकली. जुलै २०२४ मध्ये ओलानं आपण गूगलचा नकाशा सोडून स्वतःचा वापरतो असं जाहीर केलं, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगलनं भारतातले दर सत्तर टक्क्यांपर्यंत खाली आणले, बिल रुपयांत देण्याचंही जाहीर केलं.

त्या आठवड्यात मला दोन कारखान्यांतून फोन आले. आता स्वस्त झालंय, तिकडं जायचं का? मी दोघांनाही सांगितलं की दर उतरलेत, अटी नाहीत. साठवून ठेवायला मनाई आहे, गिरवायला मनाई आहे, तिथली माहिती दुसऱ्या नकाशावर दाखवायला मनाई आहे. शहरात पत्ता शोधणारं, रेंजमध्येच चालणारं ॲप असेल तर अवश्य घ्या. त्या कामाला तो नकाशा उत्तम आहे आणि मी स्वतः माझ्या दुसऱ्या एका कामात पैसे भरून वापरते. उसाच्या फडात मात्र तो कुठल्याही दरात उपयोगी नाही.

साखर कारखाने, दूध संघ, पाणीवापर संस्था, ग्रामपंचायती आता नकाशाची ॲप करून घेतात. त्यांच्या चालकांना माझी विनंती आहे. निविदा काढताना त्यात स्पष्ट लिहा की नकाशा कुणाचा, कोणत्या परवान्यावर. तो रेंजशिवाय साठवायला परवानगी आहे का. आणि आपली माणसं जी मोजणी करतील, जे रस्ते नोंदवतील त्यांवर हक्क कुणाचा. ॲप करणाऱ्याकडून याचं लेखी उत्तर घ्या, आणि ते पहिली ओळ लिहिली जाण्याआधी घ्या. आमच्या खरेदी समितीनं ते एक वाक्य पत्रात टाकलं नसतं तर आम्ही ते ॲप तसंच हंगामात उतरवलं असतं.

तात्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माळ्याची पाणंद, तुकाईची पाणंद, खालच्या मळीची वाट अशा त्यांनी चालून दाखवलेल्या सगळ्या वाटा आज ओपनस्ट्रीटमॅपवर आहेत. तुमच्या गावची पाणंद तिथं आहे का ते एकदा उघडून पाहा. नसेल, तर ती ज्याला ठाऊक आहे अशा माणसाला सोबत घेऊन चालून या आणि भरा. तिचं नावही त्यालाच विचारा.